401 नग, भरून पावलो

ब्रिटिश म्युझियममध्ये पपायरसवर लिहिलेली एक पावती आहे. प्राचीन इजिप्तच्या बाविसाव्या राजघराण्याच्या काळातली. अमूनच्या देवळात ताईत घडवणारा एक कारागीर तीत एका पुजाऱ्याला लिहून देतो, की तुमच्या वडिलांसाठी केलेले 365 शब्ती, म्हणजे थडग्यात ठेवायच्या सेवक-बाहुल्या, आणि त्यांचे 36 मुकादम, एकूण 401, यांची किंमत शुद्ध चांदीत मिळाली, माझं समाधान झालं. थोडक्यात, भरून पावलो.

इथवर कुठल्याही पेढीवर चालेल असा कागद. पण पुढे तो कारागीर गिऱ्हाइकाला सोडून थेट त्या 401 बाहुल्यांशीच बोलायला लागतो. जा, या गृहस्थांच्या कामाला लागा, आणि त्यांनी हाक मारली की 'आम्ही तयार आहोत' म्हणा.

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची व्हाउचरं आणि हजेरीपत्रकं तपासण्यात गेली. त्यामुळे इजिप्त म्हटलं की इतरांना तुतनखामनचा मुखवटा आठवतो आणि मला ही पावती. ममीच्या शापावर नको तितकं लिहून झालंय. मला त्या धर्मातली कारकुनी आवडते. मेलेल्या माणसाचं पुढे नीट चालावं म्हणून ही माणसं केवढं लिहून ठेवत होती, आणि लिहिताना कुणावरच कसा विश्वास टाकत नव्हती, हे वाचताना मला फार घरचं वाटतं.

शब्ती म्हणजे वीतभर उंचीच्या, बहुधा निळसर फायान्सच्या, म्हणजे चकाकी दिलेल्या सिरॅमिकसारख्या पदार्थाच्या मूर्ती. मेल्यावर माणूस मृतांचा देव ओसिरिस याच्या राज्यात जाणार, तिथे गव्हाची शेतं, कालवे, सगळं असणार. म्हणजेच तिथे वेठही असणार! नाईलचा पूर ओसरला की बांध घालायला, कालवे उपसायला इथे सरकारी बोलावणं यायचं, तसंच तिथेही येणार. तेव्हा आपल्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं. 'मृतांच्या ग्रंथा'तला सहावा मंत्र या मूर्तींवर कोरलेला असतो: शेत पिकवायला, काठाला पाणी द्यायला, वाळू वाहून न्यायला या माणसाचं नाव पुकारलं गेलं, तर 'मी हजर आहे' असं तू म्हण. वर्षाचे 365 दिवस, म्हणून 365 मूर्ती. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा, म्हणून दर दहांमागे एक मुकादम. त्याच्या हातात चाबूक. तुतनखामनच्या थडग्यात 413 निघाले, कारण राजाला वरती बारा महिन्यांचे बारा मुकादम आणखी लागले.

पावतीत या मूर्तींना चक्क दास-दासी म्हटलंय आणि पैसे चुकते झाल्याचं बजावून सांगितलंय. मला वाटतं, खरी गोम तिथेच आहे. उद्या परलोकात एखादा शब्ती अडून बसला, की मला घडवणाऱ्याला माझी किंमत मिळालीच नव्हती, तर? त्यांची तोंडं आधीच बंद करून ठेवलेली बरी.

याहून पक्का माणूस असयूतचा. इसवी सनापूर्वी विसाव्या शतकात, पहिल्या सेन्वोस्रेतच्या काळात, जेफाईहापी नावाचा तिथला प्रांताधिकारी होता. असयूतच्या डोंगरात त्याचं थडगं आहे, आणि तिथल्या भिंतीवर दहा करारनामे कोरलेले आहेत. सगळे पुजाऱ्यांशी आणि देवळाच्या किंवा दफनभूमीच्या लोकांशी. माझ्या मागे माझ्या पुतळ्यापुढे अमुक दिवशी इतक्या भाकऱ्या ठेवाव्यात, नववर्षाच्या रात्री दिव्यांच्या वाती पुरवाव्यात, आणि त्या बदल्यात मी हे हे देतो. एकेका कलमात देणारा कोण, घेणारा कोण, माल काय, दिवस कोणता. अस्पष्ट असं काही नाही.

आणि मग तो असं एक वाक्य घालतो, की मी वाचताना खुर्चीत सरसावून बसले. हे मी देतोय ते माझ्या वडिलांच्या घरातलं आहे, प्रांताधिकाऱ्याच्या पदाचं नाही. पदाची मालमत्ता वेगळी, खासगी वेगळी; खासगीतून दिलेलं पुढच्या अधिकाऱ्याला परत मागता येणार नाही. चार हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर हे लिहिलंय, आणि हल्लीच्या लोकांना तेच समजावताना माझा घसा बसलेला आहे.

तो पैशाऐवजी देतो ते 'देवळाचे दिवस'. देवळाच्या उत्पन्नात त्याचा वंशपरंपरेचा पुजारी म्हणून वाटा होता. त्या वाट्याचे तो दिवसांनुसार भाग पाडतो आणि एक दिवस म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा 360 वा भाग, अशी व्याख्याही तिथेच देऊन टाकतो. या सगळ्यावर लक्ष ठेवायला त्यानं एक स्वतंत्र पुजारी नेमला, त्याला जमीन, माणसं, गुरं दिली, आणि अट घातली की हे सगळं त्यानं आपल्या एकाच मुलाला द्यावं, मुलांमध्ये वाटून टाकू नये. वाटणी झाली की काम कुणाचंच राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

आता प्रत्यक्ष देहाचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं ममी करण्याच्या तीन दर्जांचं वर्णन केलंय, आणि नंतर आलेल्या डायडोरस या दुसऱ्या ग्रीकानं त्यांचे दर दिलेत: पहिला एक टॅलेंट चांदी, दुसरा वीस मिना, तिसरा अगदी किरकोळ. टॅलेंटच्या साठ मिना, म्हणजे दुसरा दर्जा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. हे कारागीर घरच्यांपुढे दरपत्रक ठेवत आणि कुठलं हवं ते विचारत. मयताच्या घरी ज्यानं हा विषय कधी काढलाय, त्याला ती अवघड शांतता लगेच कळेल.

सर्वांत महागड्या प्रकारात नाकातून आकडी घालून मेंदू बाहेर काढत आणि टाकून देत. डाव्या कुशीत चीर पाडून यकृत, फुफ्फुसं, जठर, आतडी काढत आणि बऱ्याचदा चार वेगळ्या पात्रांत ठेवत. हृदय मात्र जागेवर. मग नॅट्रॉन. वादी नात्रून या खोलगट भागातल्या तळ्यांवर मिळणारा हा क्षार देहातलं पाणी शोषून घेतो, आणि पाणी गेलं की कुजायला काही उरत नाही. साधारण चाळीस दिवस देह या कोरड्या क्षाराखाली असायचा. धुणं, तेलं, राळ, पट्ट्या धरून सगळं मिळून सत्तर. 1994 मध्ये बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या दोघांनी बाल्टिमोरला एका देहदान केलेल्या माणसावर वादी नात्रूनचाच क्षार आणून हे करून पाहिलं, आणि ते जमलं.

डायडोरस सांगतो, की चीर कुठवर द्यायची ते आधी लेखनिक कुशीवर आखून द्यायचा. मग कापणारा तेवढंच कापायचा आणि जीव घेऊन पळत सुटायचा, कारण बाकीचे त्याला शिव्या देत दगड मारायचे. देहाला इजा करणारा पापी, पण तो नसेल तर काम अडतं. आखणाऱ्या कारकुनाला मात्र दगड नाही!

पट्ट्यांचं कापड बऱ्याचदा घरातलंच, वापरून मऊ झालेलं असायचं. काहींवर मूळ मालकाची खूण तशीच आहे. पट्ट्यांच्या थरांत ताईत. त्यातला हृदयावरचा दगडी भुंगा माझा विशेष आवडता. ओसिरिसपुढे हृदय तराजूत घातलं जाणार, समोरच्या पारड्यात सत्याचं पीस, निकाल लिहायला थोथ देव. भुंग्यावर तिसावा मंत्र कोरलेला असतो: हे माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजू राखणाऱ्यापुढे माझ्या विरोधात जाऊ नकोस. खोटं बोल असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त गप्प राहा.

राजाचं हे असं, पण राजांची थडगी खोदणाऱ्यांचं काय? ते देइर-एल-मेदिना या गावात राहत आणि त्यांनी चुनखडीच्या कपच्यांवर ढीगभर नोंदी मागे ठेवल्यात. तिथल्या कामगाराचा महिन्याचा पगार साडेपाच पोती धान्य, म्हणजे तांब्याच्या हिशेबात अकरा देबेनच्या आसपास (देबेन हे वजनाचं माप). साधी लाकडी शवपेटी वीस ते चाळीस देबेन. दोन-चार महिन्यांची सगळी कमाई पेटीत, खाणंपिणं वेगळं. बुलाकच्या एका पपायरसवर याच गावातला वाद आहे: वडिलांनी आपल्या आईला एकट्यानं मूठमाती दिली, त्यांच्या भावंडांनी मदत केली नाही, तेव्हा तिची मालमत्ता आमचीच. आधाराला फारोचा कायदा, 'जो पुरेल त्याला द्यावं'.

याच गावचं रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचं हजेरीपत्रकही आहे, चुनखडीच्या एका तुकड्यावर. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीचं कारण त्यावर तांबड्या शाईत. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी बिअर गाळत होता. आणि मध्येच: आईच्या देहाला पट्ट्या गुंडाळत होता. भावाचं प्रेत तयार करत होता. म्हणजे सत्तर दिवसांचे देवळातले विधी नव्हेत; घरच्यांनीच कापड घेऊन बसायचं आणि मुकादमाकडे रजा मांडायची. अख्ख्या इजिप्तमधला मला सर्वांत जवळचा दस्तऐवज हाच.

मग लबाडी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सक्कारात होर नावाचा एक लेखनिक थोथ देवाच्या पवित्र आयबिस पक्ष्यांच्या व्यवस्थेत होता. भाविक पक्ष्याच्या ममीचे पैसे मोजायचे आणि ती मातीच्या भांड्यात घालून भुयारात रचली जायची. त्या कारभारात गडबड असल्याच्या तक्रारी होरनं खापरांवर लिहून ठेवल्यात, आणि सुधारणेचा नियमही: एका भांड्यात एक देव. असा नियम कधी करावा लागतो ते माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. अलीकडे मँचेस्टरच्या संशोधकांनी प्राण्यांच्या 800 हून अधिक ममी क्ष-किरणांखाली घातल्या, तर जवळपास एक तृतीयांशांत प्राणीच नव्हता. माती, काड्या, घरट्याचा कचरा. ही सरसकट फसवणूक नव्हे, देवाशी संबंधित कुठलीही वस्तू पवित्रच मानत असतील, असं ते म्हणतात. असेल. मी शेरा 'खुलासा मागवावा' असाच मारला असता.

माणसांच्या थडग्यांत तर सरळ चोरी. नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 1110 च्या सुमारास, आमेनपानुफर या पाथरवटानं चौकशीत कबुली दिली, की आम्ही आठ जणांनी सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, राजाराणीच्या अंगावरचं सोनं काढलं आणि पेट्या जाळल्या. सोनं 160 देबेन, म्हणजे साडेचौदा किलो, माणशी वीस. पुढे तो पकडला गेला तेव्हा त्यानं आपले वीसच्या वीस देबेन धक्क्यावरच्या कारकुनाला दिले आणि सुटला. सुटल्यावर साथीदारांकडे गेला, तर त्यांनी त्याचा वाटा पुन्हा भरून दिला. चोरांमध्ये इतका चोख हिशेब! या कबुलीचा पपायरसही दोन तुकड्यांत विभागला गेला होता. वरचा अर्धा भाग 1935 मध्ये ब्रसेल्सला एका लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला.

शेवटी पुजाऱ्यांनीच राजांना बाहेर काढलं. 1881 मध्ये देइर-अल-बहरीजवळच्या एका खोल विवरात राजघराण्यातल्या चाळीसहून अधिक ममी दाटीवाटीनं रचलेल्या सापडल्या. रामसेस दुसरा त्यांतलाच. पेट्यांवर आणि कापडावर काळ्या शाईत शेरे आहेत: अमुक वर्षी, अमुक महिन्यात, अमक्याच्या हुकमावरून, या थडग्यातून त्या थडग्यात. वर्ग केल्याच्या नोंदी म्हणून मी त्या बिनतक्रार मंजूर केल्या असत्या. पण तिसऱ्या थुतमोसच्या पेटीवरचा सोन्याचा मुलामा आधीच तासून काढलेला आहे. आणि सेनापती पियांखच्या काळातल्या एका पत्रात थडग्यांच्या लेखनिकाला आलेला त्याचा हुकूम आहे, की जुन्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत मोहोर सांभाळा. त्या वेळी पियांखची दक्षिणेला नूबियात लढाई चालू होती.