चोळायचं नाही

मंगळवार, रात्री १०

आईचा खुबा बदलल्यापासून रात्री नऊची ड्युटी माझी. एनोक्झापॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटावर. चालणं-फिरणं बेताचंच, त्यामुळे पोटरीच्या खोल शिरेत रक्त साकळू शकतं आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून घरी आल्यावरही काही आठवडे हे चालूच.

टोचणं अवघड नाही, हाताची जुनी खोड आवरणं अवघड. सिरिंज भरूनच येते, आत हवेचा बुडबुडा असतो. सुई वर धरून हवा उडवायला हात शिवशिवतो, पण ४० ची पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर तो बुडबुडा काढायचा नाही. हवेबरोबर औषधही सांडतं. बेंबीपासून दोन इंच लांब, कुशीकडे, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कातडीची जाड घडी चिमटीत धरायची, सुई सरळ पूर्ण आत घालायची आणि ती बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर आई म्हणणारच, "चोळ गं जरा, चुरचुरतंय." चोळलं की तिथे निळाजांभळा डाग मोठा होतो. न चोळताही थोडे उमटतातच.

मला खरी धास्ती सुईची नाही, प्रेमळ माणसांची आहे. काकू आज डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. "एका गोळीनं काय होतंय?" रक्त गोठणं आधीच मंदावलेलं, त्यात ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायला आमंत्रण. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच सांगितलंय. पाय चोळायला बाई पाठवते म्हणाल्या, तेही नको म्हटलं. काकू जरा फुगूनच गेल्या. जाऊ देत.

आई माळकरी. हे औषध डुकराच्या आतड्यातून काढलेल्या हेपॅरिनपासून बनतं, हे तिला पहिल्या इंजेक्शनाआधीच सांगितलं होतं. भाऊ म्हणत होता, कशाला सांगतेस. पण टोचून घेणार ती, मग लपवायचं कसं? डॉक्टरांनी फोंडापॅरिनक्सचा पर्यायही सांगितला, ते प्रयोगशाळेत बनतं. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "विठ्ठलाला कळतं, मी चवीनं खात नाहीये ते." विषय संपला.

बाथरूममध्ये पायपुसणं बदलून रबराचं टाकलं. आई पडली आणि डोक्याला मार लागला, तर जखम दिसो न दिसो, थेट दवाखाना. काळी शी, लघवीत लाली, हिरड्यांतून थांबेना असं रक्त, तरीही तेच. एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, हे भावाला दोनदा बजावलं. उद्या मी रात्रपाळीला आहे. एखादा डोस राहिला म्हणून दोन एकदम द्यायचे नाहीत, हेही.

प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चाललीत ते यावरून कळतं) तपासायला रक्त घ्यायला सकाळी लॅबचा मुलगा येतोय. हे औषध बरंचसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि आईचं क्रिएटिनिन मागे थोडं वाढलं होतं. रिपोर्ट आल्यावर डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारायचंय.