किनोसाकी ते क्योतो: युकाता नेसून काढलेले जुलैचे चार दिवस

जुलैच्या मध्यावर क्योतोत मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट उकाड्याची हवा असते, आणि अशा हवेत जपानी माणसे आपला पारंपरिक पोशाख कसा वापरतात हे पाहायचे असल्यामुळे आम्ही दोघांनी मुद्दाम हेच दिवस निवडले. पहिले दोन दिवस ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आणि पुढचे दोन गिओन या रथांच्या उत्सवासाठी क्योतोत, असा बेत होता.

क्योतोहून जलद गाडीने सुमारे अडीच तासांत किनोसाकी येते. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. पारंपरिक निवासात उतरले की सुती युकाता (बिनअस्तराचा हलका किमोनो), कमरेला बांधायचा ओबी नावाचा पट्टा आणि लाकडी गेता ही पादत्राणे मिळतात, आणि त्याच वेशात पाहुणे नदीकाठच्या झुलत्या विलो वृक्षांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. बहुतेक निवास या स्नानगृहांचा प्रवेश पाहुण्यांना विनामूल्य देतात. मात्र प्रत्येक स्नानगृह आठवड्यातून एक दिवस बंद असते, त्यामुळे वेळापत्रक आधीच विचारून घ्यावे. येथे युकाता घालून रस्त्यावर फिरणे वावगे दिसत नाही, कारण हे वस्त्र मुळात स्नानाचेच आहे. जुन्या काळी दरबारी मंडळी वाफेच्या स्नानात ‘युकाताबिरा’ नावाचे बिनअस्तराचे वस्त्र घालत. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) सार्वजनिक स्नानगृहे आणि सुती कापड या दोन्हींचा प्रसार झाला, तेव्हा तेच वस्त्र सामान्यांच्या अंगावर आले आणि हळूहळू घराबाहेरही पडले.

पहिल्याच संध्याकाळी माझी चूक झाली. माझ्या शर्टांना उजवी बाजू वर ठेवून बटणे लागतात, त्या सवयीने मी युकाताही तसाच गुंडाळला. निवासाच्या मालकीणबाईंनी जिन्यातच मला थांबवले आणि हसत हसत तो उलटा करून दिला. उजवी बाजू आधी अंगालगत घ्यायची आणि डावी तिच्यावर आणायची, हा नियम स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच आहे. राजाज्ञेने तो इसवी सन ७१९ मध्ये घालून दिला गेला. उलट बाजू मृतदेहासाठी राखलेली असते. पितृकार्यात जानवे अपसव्य करणाऱ्या घरातल्या माणसाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘घालणे’ म्हणण्यापेक्षा ‘नेसणे’ हाच शब्द येथे बरोबर वाटतो. बायकांचा युकाता उंचीपेक्षा लांब असतो आणि जास्तीचे कापड कमरेशी दुमडून घ्यावे लागते. या दुमडीला ‘ओहाशोरी’ म्हणतात, पण मला तरी नऊवारीचा ओचाच आठवला. ओबीची गाठ पुढे बांधून मग पाठीमागे सरकवायची असते आणि ती आपल्या उजवीकडूनच फिरवावी, नाहीतर वरची डावी कड ओढली जाऊन छातीवरची घडी विसकटते. बायका मानेमागे गळपट्टी थोडी सैल सोडतात. पुरुष तसे करत नाहीत आणि ओबी पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बांधतात. निवासातला युकाता पुरुषांनी उंची सांगून मागावा, कारण आखूड युकाता फारच केविलवाणा दिसतो. आत पातळ सुती कपडे असावेत. पाय अनवाणीच गेतांत सरकवावेत, पण अंगठ्याजवळचा पट्टा खोलवर रुतवू नये आणि टाच थोडी मागे बाहेर राहू द्यावी. जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या मात्र बरोबर हव्यातच. आमच्या दुसऱ्या दिवसाचा अर्धा भाग माझ्या सोललेल्या बोटांनी खाल्ला.

क्योतोत १६ जुलैला, म्हणजे रथांच्या मोठ्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री, शिजो रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि हजारो तरुण मंडळी ओबीत पंखा खोचून फिरतात. भाड्याच्या दुकानांत नेसवून देण्यासह साधारण चार-पाच हजार येन पडतात, परंतु या दिवसांसाठी काही आठवडे आधी नोंदणी करावी आणि कपडे परत करण्याची वेळ नीट विचारावी. आमच्या दुकानाने संध्याकाळी सहाची वेळ आयत्या वेळी सांगितली, म्हणजे दिवे लागायच्या आधीच परत! दुसऱ्या दिवशी परत करण्यासाठी जादा पैसे मोजावे लागले. रथांवरची कापडे जवळून पाहावीत. त्यांत भारतात विणलेले जुने गालिचेही आहेत.

तेथेच एक वयस्कर बाई ‘रो’ नेसलेल्या दिसल्या. हे जाळीदार विणीचे रेशीम जुलै-ऑगस्टमध्येच वापरतात. जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा किमोनो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत अस्तराचा, असा जुना दंडक आहे. रोमधून आतले पांढरे वस्त्र झिरपल्यासारखे दिसते आणि ते पाहणाऱ्याला गारवा वाटावा अशी त्यामागची कल्पना असते. नेसणाऱ्याला मात्र अंगावर दोन थर वागवावे लागतात. लग्नाला किंवा औपचारिक चहाविधीला जाताना असाच किमोनो लागतो, युकाता चालत नाही.

विकत घ्यायचा असेल तर तोजी मंदिराजवळ दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगू देवळापाशी २५ तारखेला भरणारा जुना बाजार गाठावा. जुने युकाता बहुधा आखूड असतात, म्हणून खांद्यापासून घोट्यापर्यंत धरून पाहावे. निळीचा रंग पहिल्या धुण्यांत सुटतो. गार पाण्यात वेगळा धुऊन, दोन्ही बाह्यांतून काठी घालून सावलीत वाळवावा.