तुम्ही विचारलंत म्हणून: उद्या बंद पडलं तर?

लालबागला आमच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी आवाजाचं आणि व्हिडिओचं एडिटिंग शिकवते. दोन लॅपटॉप, एक जुना कॅसेट प्लेअर, सतरंजीवर दहा-बारा माणसं. कॉलेजची मुलं असतात, भजनी बुवा असतात, मसाल्यांचा घरगुती धंदा करणाऱ्या आणि त्याचे रील स्वतः बनवू पाहणाऱ्या बायका असतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर नावं लिहिते: आवाजासाठी ऑडॅसिटी, व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह, ॲनिमेशनसाठी ब्लेंडर, चित्रं आखायला इंकस्केप. सगळी ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो; पैसे न देता उतरवून घ्यायची. मग कुणीतरी विचारतंच, "ताई, फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर आमच्या कामाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला बंद पडणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

ब्लेंडर एकदा खरोखरच बंद पडलं होतं. टोन रोझेनडाल या डच माणसानं ते बनवलं, त्याभोवती कंपनी उभी राहिली, गुंतवणूकदार आले आणि २००२च्या सुरुवातीला त्यांनीच कंपनी गुंडाळली. सॉफ्टवेअर कुलपात गेलं. रोझेनडाल यांनी हार मानली नाही. एक लाख युरो मिळाले तर सोर्स कोड खुला करायला गुंतवणूकदार तयार झाले, आणि जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून ती रक्कम सात आठवड्यांत जमवली. १३ ऑक्टोबर २००२ला ब्लेंडर जीपीएल या खुल्या परवान्याखाली सगळ्यांचं झालं. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांचा 'फ्लो' हा चित्रपट त्याच ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. वर्गणीची ही गोष्ट सांगितली की मंडळातल्या माणसांना लगेच पटते. वर्गणीवर काय काय उभं राहतं हे त्यांनी पाहिलेलं आहे.

माझा स्वतःचा अनुभव उलट बाजूचा आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम मी पैसे मोजून घेतलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये एडिट केला होता. तीन कॅमेरे, वेगळा आवाज, दोन महिन्यांची रात्रपाळी. पुढे ते सॉफ्टवेअर निघणं थांबलं आणि नव्या संगणकावर ते चालेना. प्रोजेक्टची फाइल आजही माझ्याकडे आहे, पण ती दुसऱ्या कशातही उघडत नाही. डीव्हीडीवरची दाबून लहान केलेली प्रत तेवढी उरली. त्या कार्यक्रमात गायलेले दोघं आज हयात नाहीत.

केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल मी वर्गात मुद्दाम साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दाखवते. ती नुसती अक्षरं असतात: कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर. मागे लॅपटॉप बदलला तेव्हा सगळ्या फोल्डरांचे पत्ते चुकले होते. ते मी त्या मजकुरात एकदाच शोधून बदलले आणि काम पुढे सुरू केलं. ऑडॅसिटीचंही तसंच आहे. तिची २०२१पासूनची फाइल म्हणजे एसक्यूएलाइट या खुल्या प्रकारचा डेटाबेस, म्हणजे ऑडॅसिटी नसली तरी आतलं वाचता येतं.

त्याच २०२१मध्ये ऑडॅसिटी म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेली. वापरणाऱ्यांची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, लोक खवळले आणि तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. काहींनी कोड उचलून टेनॅसिटी नावाची वेगळी शाखाही काढली. मालक बदलू शकतो, हे मी लपवत नाही. पण इथे वापरणाऱ्याला बाहेर पडायला दार असतं, आणि जाताना आपलं बिऱ्हाड बरोबर नेता येतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही माझ्या आजोबांच्या भजनाची कॅसेट संगणकावर घेतली. १९८६चा गणपती, चाळीतली खोली, टेपरेकॉर्डर बहुतेक पंख्याखालीच ठेवलेला. आधी विजेची घरघर काढली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर ५० वर आणि तिच्या पटीत १००, १५० वर बसते, तिथे तिथे बारीक कात्री लावायची. मग फितीची खरखर. गजर सुरू होण्याआधीची दोन सेकंदं निवडून ऑडॅसिटीला सांगितलं, हाच नको असलेला आवाज. बारा डेसिबल कमी केल्यावर आजोबा पाण्याखालून गात असल्यासारखे वाटायला लागले. सहावर आणलं, तेव्हा झांज पुन्हा झांजेसारखी वाजली.

मग स्पेक्ट्रोग्राम उघडला. त्यात आवाज चित्रासारखा दिसतो. अभंगाच्या मधोमध एक जाड आडवा पट्टा होता. वर्गातल्या मुलानं तो निवडला आणि पुसायला निघाला. मागे बसलेले बुवा पुढे सरकून म्हणाले, "थांब रे, तो भोंगा आहे. रात्रपाळीचा." आम्ही सगळ्यांनी तो पुन्हा ऐकला. गिरणी नाही, ती चाळही नाही. भोंगा तसाच ठेवला आणि फाइल फ्लॅकमध्ये जपली. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही गळत नाही, आणि तो फॉरमॅटही खुलाच आहे.

सगळंच गोड आहे असं नाही. सीएमवायकेमधल्या, म्हणजे छापखान्याच्या चार शाईंच्या, छपाईसाठी जिंप हे फोटोचं सॉफ्टवेअर मला अजून तोकडं वाटतं, तिथे मी पानं मांडायचं स्क्रायबस वापरते. फ्लेक्सवाले कोरलड्रॉची सीडीआर फाइल मागतात, त्यांना पीडीएफवर राजी करायला वेळ लागतो. अक्षरांची मात्र चिंता मिटली आहे: मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. शिकायला पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओवरचे धडे, आहेत, त्यातले कितीतरी मराठीतून.

या कॅसेटी ठेवायच्या कुठे, हाही प्रश्न येतो. मुंबईतल्या कॅम्प या स्टुडिओनं इतरांबरोबर २००८मध्ये पॅड डॉट मा हा व्हिडिओचा खुला संग्रह सुरू केला. त्यात चित्रीकरणाच्या क्षणाक्षणाला टिपणं जोडलेली असतात. तो ज्या पॅनडोरा सॉफ्टवेअरवर चालतो तेही खुलं आहे, कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवावं. गिरणगावच्या भजनांसाठी तसा संग्रह उभा करायचं माझ्या मनात पक्कं आहे. त्यासाठी गाणाऱ्यांच्या घरी जाऊन परवानग्या घेणं सुरू केलं आहे.

या रविवारी १९९१ची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, संगणकावर घ्यायची आहे. फीत मध्येच तुटली आहे, त्यामुळे आधी कॅसेट उघडून ती जोडावी लागेल. येताना बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या.