आमची वाटचाल : मीटरवर शून्य आलं तरी

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, पाइप कटर आणि आम्ही तिघं, अशी सुरुवात झाली. काम गॅस पाइपिंगचं. एलपीजी मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एका लाइनला जोडणारी पाइपिंग) बसवणे, फर्नेसपर्यंत लाइन टाकणे, रेग्युलेटर बदलणे. लीक चेक करायचं म्हणजे बादलीत साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. आमचे फिटर मामा (अख्खा शेड त्यांना मामाच म्हणतो) एकेका जॉइंटला पाणी लावून उकिडवे बसून बघत राहायचे, घाई केलेली त्यांना अजिबात चालत नाही.

मग मोठ्या कंपन्यांची कामं यायला लागली आणि तिथले सेफ्टीवाले पहिला प्रश्न विचारायचे, तुमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे का. म्हणून एक हातातला एलईएल मीटर घेतला (एलईएल म्हणजे हवेत गॅस ज्या प्रमाणापासून पेटू शकतो ती खालची मर्यादा, मीटर तिच्या किती टक्के गॅस आहे ते दाखवतो), आतला सेन्सर कॅटॅलिटिक, म्हणजे छोट्या तापलेल्या मण्यावर गॅस जळतो आणि त्यावरून रीडिंग येतं. चांगला चालला तो वर्षभर.

नंतर एका ॲल्युमिनियम डाय कास्टिंगवाल्यांकडे एलपीजी लाइनचं वार्षिक चेकिंग होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक त्यांची नव्हतीच. मी मीटर घेऊन पूर्ण लाइन फिरलो, सगळीकडे शून्य. रिपोर्टवर सही करणार तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, थांबा जरा, मला वास येतोय." ते खाली वाकले, फर्नेसजवळ ट्रेंचमध्ये एक फ्लँज (बोल्टने आवळलेला पाइपचा जॉइंट) होती तिला साबणाचं पाणी लावलं आणि गॅस्केटच्या कडेने बारीक बारीक बुडबुड्यांची रांग उभी राहिली. मीटर मी त्याच्या अगदी शेजारी धरला होता. तरी शून्य. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, हे मला अजून आठवतं.

कारण नंतर कळलं. डायवर कास्टिंग चिकटू नये म्हणून जो स्प्रे मारतात त्यात सिलिकॉन असतं, ते हवेतून सेन्सरवर बसतं आणि सेन्सर मरतो. वाईट गोष्ट ही की मेलेला कॅटॅलिटिक सेन्सर मेलोय म्हणून सांगत नाही, मीटर चालू होतो, बॅटरी दाखवतो, शून्य दाखवतो, सगळं ठीक वाटतं. खरं काय ते फक्त माहीत असलेला गॅस दाखवल्यावर कळतं, त्यालाच बंप टेस्ट म्हणतात, आणि आम्ही ती तोपर्यंत फक्त कॅलिब्रेशनच्या वेळी बघितली होती, म्हणजे वर्षातून एकदा.

मग आम्ही पैसे जमवून इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर घेतला, तो गॅस जाळत नाही, गॅसने किती इन्फ्रारेड प्रकाश शोषला ते बघतो. त्याला सिलिकॉनचं काही होत नाही, शिवाय नायट्रोजनने पर्ज केलेल्या (आतली हवा काढून नायट्रोजन भरलेल्या) लाइनमध्येसुद्धा चालतो, कॅटॅलिटिकला जळायला ऑक्सिजन लागतो तसं याचं नाही. मला वाटलं आता प्रश्न मिटला, सगळीकडे हाच न्यायचा.

आणि चाकणला स्टेनलेस स्टीलच्या ब्राइट ॲनिलिंगवाल्यांकडे (स्टील काळं न पडता तापवून मऊ करतात) परत तेच. तिथे अमोनिया तोडणारा क्रॅकर असतो, त्यातून ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन बाहेर पडतो. व्हॉल्व्हच्या ग्लँडला (दांड्याभोवतीच्या सीलला) मामांचे बुडबुडे येतायत आणि माझा नवा महागडा मीटर शून्य. गाडीत मिथेनचा टेस्ट सिलिंडर होता, लावून बघितला तर ५० टक्के एलईएल बरोबर दाखवतो. म्हणजे मीटर चांगला होता, पण इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसतच नाही! तिथे कॅटॅलिटिक किंवा हायड्रोजनचाच इलेक्ट्रोकेमिकल सेल (गॅसच्या रासायनिक क्रियेतून करंट देणारा सेन्सर) लागतो, आणि मीटरचं सर्टिफिकेट आयआयसी गॅस ग्रुपचं, म्हणजे हायड्रोजनसारख्या सहज पेटणाऱ्या गॅसचं हवं, आयआयए (प्रोपेनसारख्या गॅसचा ग्रुप) लिहिलेला तिथे न्यायचा नाही.

तेव्हापासून आम्ही मीटर निवडायची पद्धत उलटी केली. आधी गॅस बघायचा, मग जागा, मग मीटर.

एलईएल आणि पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) फरक तर मी प्रत्येक मेंटेनन्सवाल्यांना कागदावर लिहून दाखवतो. मिथेनचा एलईएल हवेत ५ टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम, म्हणजे मीटरवरचा १ टक्का एलईएल म्हणजे ५०० पीपीएम झाले. त्याच्या खालचा लीक एलईएल मीटरवर शून्यच दिसणार. एलईएल मीटर माणसाला धोक्यातून बाहेर काढायला आहे, बारीक गळती शोधायला पीपीएम दाखवणारा, पंप आणि प्रोबवाला स्निफर लागतो. अमोनियाचं तर अजून अवघड. निफाडकडे द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला, जिथे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात, एकाने एलईएल मीटर घेऊन ठेवला होता. अमोनियाचा एलईएल १५ टक्के, म्हणजे मीटरवर १ यायला १५०० पीपीएम लागतात, आणि माणसाच्या जिवाला ३०० पीपीएमलाच धोका सुरू होतो. त्यांना आम्ही दुसऱ्याच दिवशी अमोनियाचा इलेक्ट्रोकेमिकल मीटर नेऊन दिला, बिलाचं नंतर बघू म्हटलं.

आता आमच्या भागात बरेच जण एलपीजीवरून पीएनजीवर (पाइपने येणारा नैसर्गिक गॅस, मुख्यतः मिथेन) आलेत, त्यामुळे मीटर धरायची जागाही बदलली. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली ट्रेंचमध्ये आणि गटारात साठतो, पीएनजी हलका, वर पत्र्याखाली जातो. उंचावरच्या पीएनजी लाइनला लेझरवाला डिटेक्टर बरा पडतो, खालूनच लेझर मारायचा, शिडी लागत नाही, पण तो मिथेनच्याच वेव्हलेंथला ट्यून केलेला असतो, एलपीजीच्या लाइनला नेऊन उपयोग नाही. आणि मीटर कुठलाही घ्या, त्याचं पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि ज्वलनशील गॅसची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या नागपूरच्या ऑफिसचं, ॲप्रूव्हल मागून बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पेनसारखे डिटेक्टर घरच्या शेगडीला ठीक असतील, झोन वन एरियात (जिथे नेहमीच्या कामातही पेटणारा गॅस हवेत असू शकतो) ते स्वतःच ठिणगीचं कारण होऊ शकतात, आम्ही ते कुणाला देत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

आज आम्ही अकरा जण आहोत आणि मीटर पाच प्रकारचे आहेत. सकाळी गाडी निघायच्या आधी मामा प्रत्येक मीटरला टेस्ट गॅस लावतात, आकडा वर चढून अलार्म वाजला की रजिस्टरमध्ये स्वतः लिहितात, नाही वाजला तर तो मीटर गाडीत चढत नाही. साबणाची बादली मात्र अजून प्रत्येक कामाला जाते.

आम्हाला फोन कराल तेव्हा एवढं तयार ठेवा, गॅस कुठला, प्रेशर किती, लाइन ट्रेंचमध्ये आहे की वरून, आणि शेजारी सिलिकॉनचा स्प्रे मारतात का. मॉडेल नंबर आपण त्यानंतर बोलू.