आमची वाटचाल: भिंतीवरची पाण्याची रेघ

2005 च्या जुलै महिन्याच्या अखेरीस कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्या पात्राबाहेर पडल्या, तेव्हा मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन बेळगावातील एका ज्येष्ठ विमा सर्व्हेअरांच्या, म्हणजे विम्याच्या दाव्यातील नुकसान मोजून कंपनीला अहवाल देणाऱ्यांच्या, हाताखाली उमेदवारी करीत होतो. चिक्कोडी तालुक्यातील एका खतांच्या दुकानात आम्ही पोहोचलो, त्या वेळी दुकानाचे मालक घमेल्याने चिखल बाहेर काढत होते आणि त्यांची दोन मुले बादलीने भिंती धूत होती. आमच्या साहेबांनी मालकांना नमस्कार केला, पण पहिले वाक्य उच्चारले ते मुलांना उद्देशून: "बाळांनो, ती भिंत तेवढी राहू दे." मग खिशातून निळ्या खडूचा तुकडा काढून, पाणी जिथपर्यंत चढले होते त्या तपकिरी रेघेच्या बरोबरीने त्यांनी खडूची रेघ ओढली, जमिनीपासून टेप लावला आणि आकडा मला लिहून घ्यायला सांगितला. चार फूट एक इंच. भिजलेली पोती मोजण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.

त्या रेघेचे महत्त्व मला पुढे काही वर्षांनी कळले. माल किती थरांचा रचला होता, मोटार किती उंचीवर बसवली होती, विजेचा बोर्ड बुडाला की वाचला, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यावर येऊन थांबतो. भिंत धुतली की मालकाचे म्हणणे आणि कंपनीची शंका एवढेच शिल्लक राहते. आजही आमच्या फर्मच्या प्रत्येक पिशवीत टेप, ओल मोजणारे मॉइश्चर मीटर आणि मोटारीचे इन्सुलेशन तपासणारे मेगर यांच्याबरोबर खडूची डबी असते.

परवाना मिळाल्यानंतर मी आणि माझ्या एका मित्राने बेळगावच्या शहापूर भागात कापडाच्या दुकानावरील एक खोली भाड्याने घेतली आणि भागीदारीत काम सुरू केले. पहिली वर्षे मोटारींच्या अपघातांच्या सर्व्हेवरच निघाली. सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते आणि ती कधी कधी सहा-सहा महिन्यांनी येते, त्यामुळे खोलीचे भाडे दुचाकींच्या दाव्यांनी भरले असे म्हटले तरी चालेल. या व्यवसायात एक अडचण कायमची आहे. विमाधारक आम्हाला "कंपनीचा माणूस" म्हणतो आणि कंपनीच्या कार्यालयात आम्ही "पार्टीच्या बाजूने लिहिणारे" ठरतो. वास्तविक परवाना विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा असतो. वाहनांखेरीज इतर विम्यात अंदाजे नुकसान 1 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल घेणे कंपनीला बंधनकारक असते. त्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क विमाधारकालाही आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगतो, कारण तो हक्क बजावणारे फार थोडे आहेत.

आमच्या फर्मची खरी परीक्षा 2019 च्या ऑगस्टमध्ये झाली. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आल्याने कोल्हापूरकडची वाहतूक बंद पडली, घटप्रभेचे पाणी गोकाकमध्ये शिरले आणि बेळगाव शहरात बळ्ळारी नाल्याने वडगाव, खासबाग भागांतील विणकरांच्या घरांचा ताबा घेतला. हा नाला गाळाने आणि दोन्ही काठांवरच्या बांधकामांनी अरुंद झाला आहे. शेतांत पाणी साचण्याची ओरड शेतकरी दरवर्षी करतात, पण त्या वर्षी ते पाणी मागांच्या खोल्यांत आले. आमच्याकडे तीन आठवड्यांत जितकी कामे आली, तितकी त्याआधी एका वर्षातही आली नव्हती. आम्ही दोघे भागीदार, एक टंकलेखक आणि दोन उमेदवार एवढ्या बळावर ती कामे उरकताना जे चुकले त्याचा उल्लेख पुढे येईलच.

रस्ता सुरू झाल्यावर निपाणीच्या बाजूला गुळाच्या एका गोदामात गेलो, तो अनुभव सांगण्यासारखा आहे. इतर मालाचे नुकसान डोळ्यांना दिसते. खताचा दगड होतो, कापडाला वास येतो, तंबाखूला बुरशी चढते. गूळ मात्र पाण्यात विरघळून निघून जातो. गोदामात पाय टाकला तर चप्पल जमिनीला चिकटून पायातून निसटली. फरशीवर काळपट पाकाचा थर होता, त्यावर मुंगळ्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि मालक दारातच बसून होते. "रेघ दोन फुटांवर आहे, मग वरचे थर कसे गेले, असं कंपनी विचारेल साहेब. लिवून घ्या की, खालचे वितळले तसे वरचे आपोआप खाली बसले." त्यांचे म्हणणे खरे होते आणि त्याचा पुरावा भिंतीवरच होता: पाण्याच्या रेघेच्या बऱ्याच वर, जवळजवळ सात फुटांपर्यंत, गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, कडांचे चौकोनी डाग स्पष्ट उमटलेले होते. त्या डागांवरून आम्ही रचनेची उंची आणि रांगा मोजल्या. साठ्याची वही भिजून लगदा झाली होती, म्हणून मार्केट यार्डातील अडतपट्ट्यांच्या प्रती आणि वाहतुकीच्या काटापावत्या गोळा केल्या. खरेदी 520 रवे, विक्री 141, म्हणजे शिल्लक 379 रवे निघाली. मालकांनी दाव्यात 400 लिहिले होते. उरलेल्या 21 रव्यांचा विचार करता करता त्यांनाच आठवले की ते पाहुण्यांकडच्या वास्तुशांतीला पाठवले होते. अशा चुकीला खोटेपणा समजणे मला कधीच पटले नाही. पुराच्या पाण्यातून बाहेर आलेला माणूस अंदाजाने आकडा सांगतो. त्या अंदाजाला कागदांच्या आधाराने जागेवर आणणे, हेच आमचे काम आहे.

वडगावातील विणकरांच्या बाबतीत कागद होते, पण त्यांवरचे आकडेच अपुरे होते. एका मालकांचे आठ यंत्रमाग होते आणि मोटारी, बीम, पट्टे यांसह सगळ्याची किंमत साधारण 12 लाख रुपये होती. पॉलिसी मात्र कर्ज देणाऱ्या बँकेने काढलेली होती आणि त्यात विमा रक्कम होती 6 लाख, कारण त्या वर्षी कर्जाची बाकी तेवढीच होती. नुकसान 3 लाखांचे झाले. मालकांच्या मनात सरळ हिशेब होता: विमा 6 लाखांचा आहे, नुकसान 3 लाखांचे, म्हणजे पूर्ण मिळणार. परंतु किमतीच्या निम्म्याच रकमेचा विमा असेल तर उरलेल्या निम्म्या जोखमीचा भार विमाधारकाने स्वतः उचलला असे पॉलिसी मानते. या नियमाला आम्ही ॲव्हरेजची अट म्हणतो. त्या अटीने 3 लाखांचे दीड लाख झाले, त्यातून नैसर्गिक आपत्तीच्या दाव्यांना लागणारी वजावट, म्हणजे दाव्याच्या 5 टक्के किंवा किमान 10,000 रुपये, कापली गेली आणि हाती 1 लाख 40 हजार रुपये आले. भिजलेल्या सुताचा तर विमाच नव्हता. हा हिशेब त्यांना समजावून सांगताना मी अहवालाचे पान त्यांच्यासमोर ठेवले, ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "हे मला पॉलिसी काढताना कुणी सांगितलं असतं तर?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण पाणी आल्यानंतरच आमचा त्या घरात प्रवेश होतो.

याहून वाईट प्रसंग गोकाकमधील एका किराणा व्यापाऱ्याचा होता. त्यांच्या फायर पॉलिसीतून एसटीएफआय, म्हणजे वादळ, तुफान, पूर आणि जलमयता (पाणी तुंबणे) यांचे संरक्षण, थोडा हप्ता वाचावा म्हणून वगळलेले होते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमा रक्कम ठळक अक्षरांत होती आणि वगळल्याची ओळ तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होती. आम्ही मोजमाप पूर्ण केले, फोटो घेतले, अहवालही दिला, पण निष्कर्ष लिहिताना पेन जड झाले.

आता आमच्या चुकीबद्दल. खासबागेतील एका शेडमधील मोटारी चार दिवस नाल्याच्या पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी त्या बल्बच्या उष्णतेने सुकवल्यावर मी स्वतः मेगर लावून इन्सुलेशन तपासले, वाचन समाधानकारक आले, आणि अहवालात फक्त साफसफाई व व्हार्निशचा खर्च धरला. गाळमिश्रित सांडपाणी बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि चार आठवडे माग चालल्यावर त्याचा परिणाम दिसतो, हा विचार त्या घाईत माझ्या मनात आला नाही. दोन महिन्यांनी मालक आले तेव्हा पाच मोटारींचे वाइंडिंग जळलेले होते. मी कंपनीला पत्र लिहून पुरवणी अहवाल देण्याची तयारी दाखवली, पण दावा तोपर्यंत बंद झाला होता आणि त्यांनी तो पुन्हा उघडला नाही. त्या मालकांची भेट आजही बाजारात होते. ते बोलतात, पण मोटारींचा विषय कधी काढत नाहीत. तेव्हापासून बुडालेल्या प्रत्येक मोटारीचे किमान एक बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय आणि भार देऊन माग चालवून पाहिल्याशिवाय आमचा अहवाल पूर्ण होत नाही. कंपनीला त्यासाठी थांबावे लागले तरी चालेल, असे आम्ही ठरवले आहे.

सीमाभागात या कामाला भाषेचीही एक बाजू आहे. पॉलिसी इंग्रजीत, जमिनीचा उतारा आणि पंचनामा कन्नडमध्ये, दुकानाची रोजकीर्द मराठीत, आणि विणकरांच्या घरातील बोलणे कधी तेलुगूतही असते. पंचनाम्यात "शेड" म्हणून लिहिलेली जागा पॉलिसीत "कारखाना" असते आणि उताऱ्यावर घर असते. तीन कागदांवर तीन नावे दिसली की कंपनीच्या दूरच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला शंका येणे साहजिक आहे. म्हणून आम्ही हुक्केरीची एक कन्नड जाणणारी पदवीधर मुलगी नेमली, जी आता प्रत्येक अहवालाला या कागदांचा मेळ घालणारे एक पान जोडते. त्या एका पानाने जितके दावे सुटले, तितके माझ्या तांत्रिक टिपणांनी सुटले नसतील.

खानापूरकडचे प्रश्न वेगळे आहेत. कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात मलप्रभेच्या उगमाकडे पाऊस इतका दीर्घ चालतो की मातीच्या भिंती पूर न येताही जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतात. नुसत्या पावसाने भिंत पडली की पायाशी पाणी तुंबून पडली, हा वाद मग उभा राहतो, कारण पॉलिसीत पाऊस नाही, जलमयता आहे. माझे मत असे की ओल खालून वर चढलेली असेल आणि पायाची माती पिठासारखी झालेली असेल तर ती जलमयताच समजावी. वळचणीकडून गळत आलेल्या ओलीची गोष्ट निराळी. मे महिन्यातील वळवाने उडवलेल्या पत्र्यांच्या बाबतीतही असेच पाहावे लागते: पत्रा नुसता उडाला की गंजलेल्या हुकातून सुटला, हे हुक हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि छोट्या उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या प्रमाणित पॉलिसी आल्या आणि आमच्या अहवालांची भाषा थोडी सोपी झाली. गृह रक्षामध्ये ॲव्हरेजची अट नाही. 5 कोटी रुपयांपर्यंतच्या उद्योगांच्या पॉलिसीत ती 15 टक्क्यांपर्यंतच्या तुटीला लावली जात नाही. त्यापुढची तूट असेल तर कात्री चालतेच. दावा नाकारला गेला किंवा रक्कम पटली नाही तर कर्नाटकातील तक्रारी बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे जातात, आणि छोट्या माणसाला तो मार्ग न्यायालयापेक्षा सोपा पडतो, हेही आम्ही आता अहवालाची प्रत देताना तोंडी सांगतो.

वडगावातील ते आठ मागांचे मालक 2021 च्या जुलैमध्ये, पुन्हा पाणी आल्यानंतर दोन दिवसांनी भेटले. मधल्या काळात त्यांनी मागांचे पाय विटांच्या कट्ट्यावर घेतले होते आणि मोटारी दोन फूट उंचावर बसवल्या होत्या. खोलीला रंग दिला होता, पण 2019 ची रेघ असलेली हातभर पट्टी त्यांनी तशीच सोडली होती. तिथे निळा खडू अजून दिसत होता, तीन फूट चार इंच. नव्या पाण्याची रेघ तिच्या खूप खाली, एक फूट दोन इंचांवर होती. त्यांचा दावा नव्हताच. त्यांना विचारायचे होते ते एवढेच, की कट्ट्याचा खर्च नूतनीकरणाच्या वेळी विमा रकमेत धरायचा का. पॉलिसीबद्दल सल्ला देणे सर्व्हेअरला शोभत नाही, तेव्हा तो प्रश्न एजंटला विचारा, असे मी सांगितले. गवंड्याचे बिल मात्र जपून ठेवा, असेही सांगितले. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. त्यात गवंड्याचे बिल होते, विटांचे होते, मोटारींच्या दुरुस्तीचेही होते, आणि ती पिशवी त्यांनी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात परत ठेवली.