आठव्या रात्रीचा ड्रेन

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कॅन्सर झाला की जे मोठं ऑपरेशन करतात, त्याला वॉर्डात आम्ही सगळे 'व्हिपल' म्हणतो. स्वादुपिंडाचा तो भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि मग तीन ठिकाणी नवे जोड द्यायचे. सर्जन बाहेर येऊन "झालं" म्हणाले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आम्हा सिस्टर लोकांची धास्ती तिथून सुरू होते. मऊ स्वादुपिंड म्हणजे लोणी, टाका धरत नाही. जोडातून स्वादुपिंडाचा पाचक रस झिरपला तर तो शेजारच्या कापलेल्या धमनीचं टोक कुरतडतो.

आप्पा दिंडोरी तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. पोट दुखत नव्हतं, पण डोळे पिवळे, अंगाला खाज. सुरुवातीचे दिवस चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून घेण्यात गेले. सुदैवाने गाठ काढता येण्यासारखी होती. ऑपरेशन नीट झालं, पण तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं, म्हणजे पोटातला द्राव बाहेर आणणाऱ्या नळीतलं, अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम) रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून खूप जास्त आलं. म्हणजे जोड गळतोय. म्हणून ड्रेन ठेवलेला.

आठव्या रात्री मी ड्यूटीवर होते. दोनच्या सुमारास सोबतची तरुण सिस्टर बाटली मोजून आली. "मॅडम, थोडं लालसर आलंय. पल्स ब्याण्णव, बीपी बरोबर आहे. सकाळच्या राउंडला दाखवू का?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आप्पा शांत झोपले होते, संध्याकाळी मऊ भातही जेवले होते. पूर्वी अशा वेळी काय करायचं ते त्या रात्री कोण ड्यूटीवर आहे, कोणाचा पेशंट आहे आणि फोन करायची हिंमत किती आहे यावर ठरायचं. पण आता नर्सिंग स्टेशनवर तक्ता लावलेला आहे. रोज काय मोजायचं, ड्रेन कधी काढायचा, ताप किंवा सीआरपी (रक्तातली सूज-संसर्गाची खूण) वाढला तर पुढे काय. त्यातच एक ओळ: पहिल्या दिवसानंतर ड्रेनमध्ये रक्त दिसलं, कितीही थोडं, तर सर्जनला फोन आणि लगेच सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन.

तो थोडासा लालपणा बरेचदा मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असतो. मध्ये काही तास मिळतात, कधी तेवढेही नाही.

सरांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "न्या स्कॅनला, मी निघालो." आप्पांचा मुलगा घाबरला. "सिस्टर, एवढ्या रात्री कशाला? ते तर बरे आहेत." मी म्हटलं, "दादा, बरे आहेत म्हणूनच आत्ता न्यायचं."

स्कॅनमध्ये कापलेल्या धमनीच्या टोकाशी फुगा दिसला. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून कॉइल, म्हणजे रक्त थांबवणारी बारीक तारेची गुंडाळी, बसवली. पोट पुन्हा उघडावं लागलं नाही. तोच फुगा पहाटे फुटला असता तर थिएटरपर्यंत पोहोचणंही अवघड होतं.

तक्ता लावला तेव्हा सरांनी आम्हाला नेदरलँड्सच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. तिथे स्वादुपिंडाची ऑपरेशनं करणाऱ्या १७ केंद्रांनी ऑपरेशननंतरच्या देखरेखीची एकच पद्धत टप्प्याटप्प्याने लागू केली. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर, आणि ९० दिवसांतले मृत्यू ५ वरून ३ टक्क्यांवर. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. माझ्या दृष्टीने त्यात सगळ्यात मोठी गोष्ट ही की रात्रपाळीतल्या सर्वात ज्युनिअर मुलीलाही फोन उचलायचा अधिकार मिळतो, कोणाची झोपमोड होईल का याचा विचार न करता. मोठमोठ्या सर्जनच्या कौशल्याबद्दल खूप बोललं जातं, ते खरंही आहे. पण आठव्या रात्री दोन वाजता पेशंटजवळ सर्जन नसतो.

ड्रेन निघाला, आप्पा घरी गेले, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि केमोही वेळेत, इथेच नाशिकमध्ये सुरू झाली. कॅन्सर परत येईल का, हे आज कोणी सांगू शकत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये त्या तरुण सिस्टरने स्वतःहून सांगितलं की स्कॅनसाठी आणि कॉइलसाठी कोणाला बोलवायचं हे शोधण्यात वेळ गेला. आता रेडिओलॉजीचे दोन्ही नंबर आणि रक्तपेढीचा नंबर त्याच ओळीखाली छापलेले आहेत.