फ्लोरा मुळात राणीच्या बागेची

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत क्लबहाउससमोर कारंजं आहे. त्यावर फायबरची एक बाई, कमरेवर घडा. घड्यातून पाणी पडायचं. टँकर मागवावे लागतात तेव्हापासून बंद. परवाच्या मीटिंगमध्ये बाई बदलायचा विषय निघाला आणि एक काका म्हणाले, "फ्लोरा फाउंटनसारखं क्लासिक करू या."

माझी सगळी नोकरी मुंबईच्या फोर्टात गेली. व्हीटीला उतरून फ्लोरावरूनच ऑफिस गाठायचं, त्यामुळे हा विषय मी सोडणं शक्यच नव्हतं.

फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी. हे कारंजं ठरलं होतं व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी. तिथे ती शोभलीही असती. आराखडा नॉर्मन शॉचा, कोरीव काम जेम्स फोर्साइथचं, दगड थेट इंग्लंडमधला, पोर्टलंडचा. खर्च ४७ हजार रुपये, त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचे. आणि १८६४ साली उभं कुठे राहिलं, तर किल्ल्याच्या जुन्या चर्चगेटपाशी! फुलांची देवी आली भर रस्त्यात. आता तिच्या आजूबाजूला बसस्टॉप आणि वकील. विहार तलावाचं पाणी १८६० साली शहरात आलं होतं, म्हणून निदान कारंजं उडवायची हौस तरी परवडली.

काकांचं पुढचं म्हणणं, मूर्ती रेडीमेड घेतली की अर्थ जातो. हे मला पटत नाही. पॅरिसमधली १८७२ पासूनची वॉलेस कारंजी, म्हणजे रस्त्यावरची पिण्याच्या पाण्याची कारंजी, बिडाची, साच्यातून काढलेली, गल्लोगल्ली एकसारखी. तरी त्यांच्यावरच्या चार बायका म्हणजे दया, साधेपणा, परोपकार आणि संयम. वरवर सारख्याच, पण दोघींचे डोळे मिटलेले, दोघींचे उघडे. साचा करणाऱ्याने डोकं लावलं होतं. आमच्या घडेवालीच्या चेहऱ्यावर तेवढंही नाही, नाकसुद्धा बसवलेलं वाटतं.

म्हणून मी सुचवलं, मूर्तीच हवी तर ठाण्याची खाडी बसवा: जाळं घेतलेली कोळीण, पायाशी फ्लेमिंगो. रोमन लोकांनी नद्यांना माणसांची रूपं दिली, आपण खाडीला का देऊ नये? दोघातिघांना आवडलं. खजिनदारबाईंनी मात्र विचारलं, "पाणी तेच फिरवणार, की रोज नवीन?" तेच फिरवायचं, म्हटलं. मग त्यांनी पंपाचं कोटेशन मागवायला सांगितलं.